बदलीचं तोंड

॥ श्री ॥
लिंबायत, सुरत
ता. १७ नोव्हेंबर २०२४

चि. धनश्रीस आप्पांचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

दिवाळी करून तू नाशिकला परत गेलीस आणि घर पुन्हा दोन माणसांचं झालं. देवदिवाळी होताच कारीगर गावाहून परतले, कापडाचे साचे सुरू झाले. माझे कान तुला ठाऊकच आहेत. तीस वर्षं लूमच्या धडधडाटात गेली. आता फोनवर तुझं बोलणं भिंतीपलीकडून आल्यासारखं लागतं, आणि तुझी आई मधे पडून तुझ्या दहा वाक्यांचं एक करून मला सांगते. त्यापेक्षा पत्र बरं. ते दोनदा वाचता येतं आणि खिशात घालून मिरवताही येतं.

मिरवण्यावरून आठवलं. चहाच्या वेळी मी सगळ्यांना सांगत असतो की आमची मुलगी कॅन्सर शोधायचं शिकते. परवा लोटूने विचारलं की मास्तर, शोधते म्हणजे नेमकं काय करते. लोटू म्हणजे अमळनेरकडचा तो तरणा कारीगर, बारा नंबरच्या साच्यावरचा. चाळीस साच्यांचा मी मास्तर, नुसता हात ठेवून साच्याचं दुखणं सांगतो, आणि पोटच्या मुलीचं काम मला सांगता येईना. मग दिलं ठोकून की ती डॉक्टर आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या खऱ्या, पण माझं मलाच बरं वाटलं नाही. तेव्हा आता सविस्तर लिही. चांगली पेशी आणि कॅन्सरची पेशी यांत तुला काय फरक दिसतो आणि हा रोग होतो तरी कशाने. लोटूला कळेल असं लिही, म्हणजे मलाही कळेल.

तुझ्या प्रवेशाच्या दिवशी मावा सोडायचा शब्द दिला होता, तो मोडलेला नाही. दोन वर्षांत तंबाखूला बोट लावलं नाही. नुसती भाजकी सुपारी चघळतो. ती काय, बडीशेपेची बहीण.

थंडीत जपून राहा. आमची माया तुझ्या वाट्याची आहे, ती तिकडे पोचतेच आहे असं समज.
तुझे आप्पा

ता. क. धना, हे मी लिहितेय, आई. यांच्या डब्यातला ठेचा आजकाल तसाच परत येतो. म्हणतात, मिरच्या तिखट निघाल्या. खानदेशच्या माणसाला मिरची तिखट लागायला लागली, आता बोल.


॥ श्री ॥
नाशिक
ता. २८ नोव्हेंबर २०२४

ती. आप्पांस व सौ. आईस धनश्रीचा सा. न. वि. वि.

आप्पा, मी डॉक्टर नाही हे आधी टपरीवर जाहीर करा, नाहीतर उद्या कुणीतरी ताप आला म्हणून माझा नंबर मागेल. मी तंत्रज्ञ होणार आहे. रुग्णाच्या शरीरातून काढलेल्या पेशी काचपट्टीवर पसरायच्या, रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली आधी मी पाहायच्या. जिथे संशय येईल तिथे शाईचा ठिपका द्यायचा. मग आमच्या मॅडम पाहतात आणि निदान त्या करतात. पण ठिपका चुकला तर त्यांचंही लक्ष चुकू शकतं, म्हणून मी एकेक काच कडेपासून कडेपर्यंत पाहते. कंटाळा आला की तुम्ही कापडाचा ताका उजेडात धरून कसे पाहता ते आठवते.

आता लोटूभाऊंसाठी. पेशीच्या मधोमध एक केंद्रक असतं. पेशीने कसं वागायचं याचा सगळा मजकूर त्यात असतो. गालाची चांगली पेशी पाहिली तर पसरट, नीटस, केंद्रक लहान, आणि शेजारची पेशी जवळजवळ तशीच. गरज असेल तेव्हाच ती एकीच्या दोन होते. जखम भरून आली, शेजारणीला टेकली की थांबते. आपली जागा सोडत नाही. मजकूर दुरुस्त न होण्याइतका बिघडला तर स्वतःच संपून जाते.

कॅन्सरच्या पेशीचं केंद्रक मोठं, गडद, वेडंवाकडं, आणि दोन पेशी एकमेकींसारख्या नाहीत. तिला थांब म्हटलेलं कळत नाही. मरायच्या वेळी ती मरत नाही. दुसऱ्याच्या जागेत घुसते, स्वतःकडे रक्त ओढून घेते, आणि पुढे सुटून रक्तातून भलतीकडे जाऊन वस्ती करते. पण ती बाहेरून आलेली नसते, हे लोटूभाऊंना ठासून सांगा. ती आपलीच असते, बिघडलेली.

बिघडते कशाने, तर मजकुरात चुका साठत गेल्याने. एका चुकीने सहसा काही होत नाही. वर्षानुवर्षं साठतात, म्हणून वयाबरोबर धोका वाढतो. तंबाखू सगळ्यांत मोठं कारण. मग दारू, काही विषाणू, सततचं कडक ऊन, काही रसायनं. थोड्या लोकांना एखादी चूक आईबापांकडूनच मिळते. आणि कधीकधी पेशी दुप्पट होताना मजकूर उतरवण्यात आपोआप चूक होते, कुणाचाच दोष नसतो. दृष्ट, करणी, पाप यांचा संबंध नाही, आणि एका ताटात जेवल्याने तो लागत नाही.

आता तुमचं. सुपारी बडीशेपेची बहीण नाही, तंबाखूची आहे. नुसत्या सुपारीनेही गाल आतून कडक होतात, तिखट झोंबतं, तोंड उघडेनासं होतं आणि पुढे कॅन्सरही होऊ शकतो. आप्पा, ठेचा का परत येतो? मिरचीची गोष्ट मला सांगू नका, नीट लिहा.

तुमच्या पत्राची आणि मायेची वाट रोज पाहणारी,
धनश्री


॥ श्री ॥
लिंबायत, सुरत
ता. १५ डिसेंबर २०२४

चि. धनश्रीस आप्पांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र टपरीवर उभं राहून मोठ्याने वाचलं. साच्यांच्या गोंगाटात ओठ बघून बोलणं ओळखणारी आमची माणसं, पण त्या दिवशी कान देऊन ऐकलं सगळ्यांनी. तू डॉक्टर नाहीस हेही सांगितलं. त्यावर लोटू म्हणाला की डॉक्टरच्या आधी बघते म्हणजे डॉक्टरच्या वरची झाली. मी विरोध केला नाही.

वाचता वाचता मला आपला साचा दिसला. बीमच्या रुळावरच्या प्रत्येक उभ्या धाग्यावर एक पातळ पत्री लटकते. धागा तुटला की पत्री खालच्या दांड्यावर पडते आणि साचा थांबतो. कारीगराने गाठ मारली की मगच पुढे चालतो. पण काही कारीगर मीटर जास्त भरावेत म्हणून पत्र्यांचा तो दांडाच दोरीने बांधून ठेवतात. मग धागा तुटला तरी साचा धावतच राहतो आणि खाली खोटीचं कापड गुंडाळलं जातं. मी सगळ्यांना म्हटलं, की ती बिघडलेली पेशी म्हणजे दोरी बांधलेला साचा. अशा दोऱ्या शोधून कापण्यात माझी हयात गेली आहे, त्यामुळे लोकांना चटकन कळलं. दोघातिघांनी तोंडातला मावा तिथेच थुंकला, एकाने माझ्या चपलेजवळ.

एवढ्यावर मी थांबलो नाही. शेठना तुझं पत्र हिंदीत समजावून सांगितलं आणि आमच्या लूमच्या खात्यात तोंड तपासायचं शिबिर घ्यायला लावलं. उत्तरायण झाल्यावर एक संस्था येणार आहे. यादी मीच करतोय. यादीचं काम सोपं नाही, कारण आपल्याकडे बदलीची रीत. गावाला जायचं झालं की दुसरा माणूस आपल्या नावावर पाळी भरतो, हजेरी मूळ नावाचीच लागते. लोटू तर या महिन्यात तिघांच्या बदलीवर राहिला.

माझ्या तोंडाची काळजी करू नको. शिबिरात सगळ्यांच्या आधी मास्तर बसणार आणि कागद तुला पाठवणार. मग तरी सुपारीवरची जप्ती उठव. मुलगी एवढी शिकली की बापाचा रुबाब आपोआप वाढतो, हे मला या वयात कळलं.

आमचा जीव तुझ्यापाशी ठेवून,
आप्पा

ता. क. धना, रविवारी भरीत केलं होतं. शेजारची भागीरथी दोनदा वाढून घेऊन जेवली. हे मात्र दूधभाकरीचा वाडगा घेऊन बसले.


॥ श्री ॥
लिंबायत, सुरत
ता. २१ जानेवारी २०२५

चि. धनश्रीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा रविवारी शिबिर झालं. दोन टेबलं मांडली होती. अडुसष्ट माणसांनी तोंडं उघडली. कापडाच्या बाजारातही एवढी शिस्त नसेल. शेठ स्वतः येऊन बघून गेले आणि म्हणाले की मास्तर, तुमच्या मुलीमुळे हे झालं. त्यांच्या गुजरातीत ते आणखी गोड वाटलं. मी मान खाली घालून ऐकलं, पण छाती काही खाली जाईना.

कागदाची झेरॉक्स सोबत आहे. माझं नाव वर आहे, बघ. दात बत्तीस, तोंड तीन बोटं उघडतं, जळजळ नाही, डाग नाही. तुझ्या मॅडमनाही दाखव. आता एप्रिलच्या परीक्षेखेरीज दुसरा विचार मनात आणायचा नाही.

असाच लोभ चढता राहो.
आप्पा


॥ श्री ॥
नाशिक
ता. २९ जानेवारी २०२५

ती. आप्पांस धनश्रीचा सा. न. वि. वि.

हे पत्र स्पीड पोस्टने, आणि फक्त तुमच्या नावाने पाठवतेय. फोन केला असता तर आधी आईला कळलं असतं.

झेरॉक्स मिळाली तेव्हा हॉस्टेलवर मी नाचायचीच बाकी होते. दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना बत्तीस दातांपाशी थांबले. मी सातवीत असताना तुमची डावीकडची खालची दाढ काढली. मी बरोबर होते. ती दाढ रुमालात बांधून तुम्ही माझ्या हातात दिली आणि म्हणालात की विज्ञानाच्या बाईंना दाखव. मी ती खरंच दाखवली होती. काढलेली दाढ परत उगवत नाही, आप्पा.

मग बाकीचंही डोळ्यांपुढे आलं. दिवाळीत तुम्ही लाडू फोडून, चुरा करून खात होतात. मी आईला चिडवलं की तुझे लाडू दगड झाले. लाडू मऊच होते. तोंड उघडत नव्हतं. एवढं शिकून माझ्या समोर बसलेला माणूस मला दिसला नाही, याची मला लाज वाटते.

त्या कागदावरचं तोंड तुमचं नाही. मला वाटतं ते बारा नंबरच्या साच्यावरच्या माणसाचं आहे. पाळी बदलीवर देता येते, हजेरी देता येते, पण तोंड बदलीवर कसं देता येईल? जन्मभर दुसऱ्यांच्या साच्यांवरच्या दोऱ्या कापल्यात आणि स्वतःच्या साच्यावर मात्र दोरी बांधून मोकळे झालात.

मला तुमचा राग आला आहे आणि त्याहून जास्त भीती वाटते आहे. जे असेल ते लिहा. सोमवारपर्यंत पत्र आलं नाही तर मी निघून येईन.

रागावलेली, पण तुमचीच,
धना


॥ श्री ॥
लिंबायत, सुरत
ता. १ फेब्रुवारी २०२५

चि. धनास आशीर्वाद.

पत्र वर घराच्या धाब्यावर बसून वाचलं. खाली तुझी आई डाळ निवडत होती, तिला काही बोललो नाही. तू ओळखलंस. तोंड लोटूचं होतं. तो पहिल्या टेबलावर सुकदेव हे माझं नाव सांगून बसला आणि तासाभराने दुसऱ्या टेबलावर स्वतःच्या नावाने. त्याला दोष देऊ नको. मी सांगितलं म्हणून त्याने केलं आणि दिवसभर माझ्याकडे बघायचं टाळत होता.

गणपतीच्या दिवसांत दाढी करताना डाव्या गालात आतून पांढरा डाग दिसला होता. आता त्याच्या मधोमध लालसर झालं आहे. तोंडात दोनच बोटं जातात. तुझी पत्रं वाचून मला कळलं नाही असं नाही, फार नीट कळलं. पण खातंभर तुझं पत्र वाचून दाखवणारा मी, शिबिर आणणारा मी, आणि पहिला डाग माझ्याच तोंडात निघावा? लोक म्हणतील, मुलगी नाशिकला कॅन्सर शोधते आणि घरातला तिला दिसला नाही. तुझ्या नावाला बट्टा नको होता. आणि तू परीक्षा टाकून येशील ही धास्ती होतीच.

आणखी एक आहे. तुझ्या आईचे मावसभाऊ धुडकू चलथाणला साखर कारखान्यावर ऊसतोडीला येत, ते तुला अंधुक आठवत असतील. त्यांच्या गळ्याजवळची गाठ कापली आणि चार महिन्यांत ते गेले. लोखंड लागलं की हा रोग पसरतो, असं तेव्हा सगळेच म्हणाले. डॉक्टर माझ्या गालाचा तुकडा कापतील, त्याचं मला भय वाटतं. साच्यात हात घालताना कधी भ्यालो नाही, पण हे खरं आहे.

रागावलीस ते बरं केलंस. लोभ कमी करू नको.
आप्पा


॥ श्री ॥
नाशिक
ता. ४ फेब्रुवारी २०२५

ती. आप्पांस सा. न. वि. वि.

शनिवारी सकाळी मी घरी पोचते. सोमवारी आपण सरकारी दवाखान्यात जायचं आहे. मॅडमनी रजा दिली आणि वर म्हणाल्या की परीक्षा दर सहा महिन्यांनी येते.

लोखंडाचं आधी सांगते, म्हणजे तीन दिवस तुमचा जीव टांगणीला नको. धुडकूमामा दवाखान्यात गेले तेव्हा गाठ लिंबाएवढी झाली होती. त्या पेशी आधीच दूरवर गेल्या असणार. लोकांना सुरी दिसली, आधीचं वर्ष दिसलं नाही. ताक्यात खोट दिसली की तुम्ही बोटभर चिंधी कापून शेठना दाखवता. कापल्याने खोट वाढते का? पाहिल्याशिवाय कुठला धागा चुकला ते कळत नाही, एवढंच. तुमच्या गालाची चिंधी जे बघतील तेही माझ्यासारखेच कडेपासून कडेपर्यंत बघतील. घरच्यांची काच आम्ही स्वतः बघत नाही, आणि ते बरं आहे. माझे डोळे भरून आले असते तर ठिपका कुठे द्यायचा ते दिसलं नसतं.

आणि माझ्या नावाला बट्टा कशाने लागला असता ते ऐका. मला वेळेवर कळूनही तुम्ही दवाखान्यात आला नसतात तर. बाकी कशाने नाही. सुपारीची डबी आईकडे देऊन टाका आणि तिला सांगाही. मी येईपर्यंत थांबलात तर ती माझ्याशी भांडेल, आणि तिचं बरोबर असेल.

येतेच आहे, तोवर ही चार अक्षरं जवळ ठेवा.
धना


॥ श्री ॥
लिंबायत, सुरत
गुढीपाडवा, ता. ३० मार्च २०२५

चि. धनास आईचे आशीर्वाद.

पत्र लिहायची मला सवय नाही, पण यांचं तोंड अजून सुजलेलं आहे आणि हाताने लिहायला दिलं की हे स्वतःची फुशारकी लिहितील. म्हणून मी लिहिते. आज गुढी उभारली. ऑपरेशनला एकोणीस दिवस झाले. काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला. आधीच्या चिंधीत दिसला होता तो कॅन्सरच होता, पण लहान होता आणि सगळा निघाला. मानेतल्या गाठी काढून पाहिल्या, त्या स्वच्छ आहेत. डॉक्टर म्हणाले की आणखी सहा महिने घालवले असते तर हे बोलणं असं झालं नसतं. मी देवापुढे साखर ठेवली आणि तुझ्या फोटोपुढेही ठेवली. हसू नको.

तू परत गेल्यावर भागीरथीने मला बाजूला घेऊन सांगितलं की यांचा पेला, ताट वेगळं ठेव. मी खरंच एक पेला वेगळा काढला. यांनी तो बघितला, बोलता तर येत नव्हतं, उठले आणि तुझं नोव्हेंबरचं पत्र आणून एका ओळीवर बोट ठेवलं. एका ताटात जेवल्याने तो लागत नाही, ती ओळ. मला फार वाईट वाटलं. मग तेच पत्र मी भागीरथीला वाचून दाखवलं, बोट ठेवून ठेवून. चौथी शिकलेली मी, पण त्या दिवशी मला मास्तरीणबाई झाल्यासारखं वाटलं.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर यांनी पाटीवर पहिलं वाक्य लिहिलं, ते तुझ्या परीक्षेची तारीख विचारणारं होतं. तोंड उघडायचा व्यायाम दिला आहे, कुल्फीच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या. ऑपरेशनआधी जेमतेम अकरा जायच्या. आज बारावी सरकवली आणि गुढीकडे बघून हात जोडले. लोटू रोज संध्याकाळी येतो आणि कुल्फी खाऊन काडी धुऊन देतो. त्याच्या पोटात दुखेपर्यंत हे चालेल असं दिसतं.

परीक्षेला जाताना दहीसाखर खाऊन जा. तू यांना रागावून लिहिलेलं पत्र मी आता वाचलं. बरं झालं, मला कधी जमलं नसतं ते तू केलंस.

पोरी, आमच्या डोळ्यांपुढे सारखी आहेस.
तुझी आई


॥ श्री ॥
लिंबायत, सुरत
ता. २७ जुलै २०२५

चि. धनश्रीस आप्पांचे अनेक, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा निकाल आणि त्याच प्रयोगशाळेत लागलेली नोकरी, दोन्ही बातम्या एका दिवशी आल्या. तुझ्या आईने गल्लीत पेढे वाटले आणि मी खात्यात. शेठनी विचारलं की मुलगी पहिली आली का. मी सांगितलं की तिसरी आली, कारण मधे बापाच्या दवाखान्यात तिचे दिवस गेले. ते सांगताना मला पहिलीपेक्षा जास्त अभिमान वाटला.

काड्या आता सतरा झाल्या. काल नखाएवढा ठेचा भाकरीला लावून खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं, पण मी ठेचा दूर सरकवला नाही. तुझी आई समोर बसून असं बघत होती जणू मी पहिल्यांदाच जेवतोय.

गेल्या रविवारी त्या संस्थेला मी पुन्हा बोलावलं. शिबिर सुरू होण्याआधी सगळे साचे बंद करायला लावले. तीस वर्षांत सणावाराखेरीज अशी शांतता मी तिथे अनुभवली नव्हती. मला फार ऐकू येत नाही, पण पायाखालची थरथर थांबली की कळतं. मी एका रिकाम्या बीमवर चढलो आणि बोललो. जीभ अजून थोडी अडखळते. सांगितलं की जानेवारीत मी बदलीवर माणूस बसवला होता, माझ्या स्वच्छ कागदावर लोटूचे दात होते, आणि माझ्या मुलीने ते दात मोजून मला पकडलं. मग गाल ओढून आतली शिवण दाखवली. लोक हसतील असं वाटलं होतं. कुणी हसलं नाही. लोटू रडला, मग मलाही आवरेना.

त्या दिवशी एकही बदली बसला नाही. मी टेबलाशी उभा राहून प्रत्येकाचं नाव आणि तोंड जुळवून घेत होतो. तिघांचे डाग निघाले. दोन नुसते लक्ष ठेवण्यासारखे, तिसऱ्याचा तुकडा घेतला आहे. तो भेस्तानहून येणारा कारीगर लोखंडाला भीत होता. त्याला चिंधीची गोष्ट मी सांगितली. गोष्ट तुझी आहे हेही सांगितलं, उसनवारी लपवली नाही.

आता खरी बातमी. मंगळवारी दवाखान्यात तपासणीला गेलो होतो. तुकडे तपासणाऱ्या मराठी डॉक्टरीणबाईंना मी विनंती केली की माझ्या गालाची काच एकदा मला दाखवा, माझी मुलगी हेच काम करते. त्या आधी हसल्या, मग काच शोधून लावून दिली. डोळा लावला. थोडा वेळ नुसता जांभळा-गुलाबी रंग दिसला. मग नजर बसली. एका बाजूला पेशी थरावर थर, बारीक केंद्रकं, ओळीने, हात फिरवावा असं विणलेलं. आणि तिथून सरकत पुढे गेलो तर एकदम गडद, लहानमोठ्या, एकमेकींवर चढलेल्या, खालच्या थरात घुसलेल्या. मी बाईंना म्हटलं की इथवर विणकाम सरळ आहे आणि इथून पुढे दोरी बांधून साचा पळवला आहे. त्यांनी स्वतः डोळा लावून पाहिलं. म्हणाल्या की बरोबर, सीमा हीच आहे, तुम्हाला हे कुणी शिकवलं? चार माणसांत नीट मराठी बोलायचं ठरवून गेलो होतो, पण तोंडातून आपली अहिराणीच निघाली. मनी पोरनी, एवढंच बोलता आलं.

निघताना काचेच्या टोकावरची चिठ्ठी वाचून घेतली. बारीक अक्षरात नंबर होता आणि पुढे सुकदेव लिहिलं होतं. मी जिभेने गालाची शिवण चाचपली. या खेपेला नाव माझं होतं आणि तोंडही माझंच.

काचा बघून डोळे थकले की थोडं थांबत जा. लोभ आहेच, तो मागायची आता गरज उरली नाही.

स्वतःच्या नावाने,
तुझे आप्पा